शाळेत मैत्री कशी रुजवावी?



साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांना बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे. शिपाई नसला की तहानलेले राहावे लागे. तेथे शिक्षण होते, मैत्री नव्हती. म्हणून शहापूरसारख्या गावातील पालकांनी मुलाचे नाव शाळेत घातले म्हणजे काम संपले, असे मानू नये.

करुणा म्हणजे माणसांवरील प्रेम. मैत्री त्याहून व्यापक, ती सर्व प्राणिमात्रांवरील प्रेम, असे बाबासाहेबांनी समजावले. हा गुण घोकून येत नाही. तथागतांनी राहुलाला शिकविले की, कोणतेही कर्म करण्यापूर्वी, करताना व केल्यानंतर विचार करावा : याने मला वा दुसऱ्याला दुःख होते काय? आईबापांनी हा विचार रोज संध्याकाळी मुलांकडून करवून घ्यावा.

गावाचेही कर्तव्य आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात व निम्म्या महिला असतात. मुलांना मारणे व त्यांचा मानसिक छळ यांसही कायद्याने मनाई आहे. माता-भगिनींनी बैठकीस जावे. पाणी, जेवणाची पंगत, बसण्याची जागा यांत भेद होतो काय ते पाहावे. शिक्षकांशी सलोख्याने बोलावे.

आणि आपल्याच मुलाने कुणाला हिणवले, तर त्याची बाजू घेऊ नये. ज्यांनी अपमान सोसला, त्यांच्या घरी अपमान करणारा घडू नये.

अभ्यास : आज वर्गात एकटे कोण बसले होते, हे मुलाला विचारा. उद्या त्याच्याजवळ बसायला सांगा.