सांध्यांची सूज आणि हृदयाची काळजी



उसाला हुमणी लागली की ती जमिनीखाली मुळ्या खात राहते. पाने पिवळी पडेपर्यंत आपल्याला पत्ता लागत नाही. संधिवाताचेही तसेच आहे. आम्ही शेतकी खात्याची माणसे, डॉक्टर नव्हे. पण शिवारात हिंडताना सुजल्या बोटांनी खुरपणाऱ्या भगिनी दिसतात, म्हणून हा विषय घेतला आहे.

वयोमानाने गुडघे झिजतात ते दुखणे निराळे. डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉईड संधिवात म्हणतात, त्यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. दोन्ही हातांची बोटे व मनगटे सुजतात, सकाळी हात बराच वेळ आखडलेले राहतात. हा आजार बायकांत पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो आणि बहुधा ऐन कामाच्या वयात सुरू होतो.

ही सूज सांध्यांपुरती राहत नाही. रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही ती लागते व तेथे चरबीचे थर लवकर साचतात. त्यामुळे हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट होतो. काहींना तर छातीत कळ न येताच झटका येऊन जातो.

वय वाढेल तसा हा धोका वाढतो. शिवाय निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत असे दिसले की, शिक्षण व उत्पन्न कमी असलेल्यांचा संधिवात जास्त बळावतो. उपचार उशिरा सुरू होणे हे त्याचे एक मोठे कारण. आपल्याकडे काय होते? तालुक्याला जायचे तर दिवसाचा रोजगार बुडतो. खुरपणी झाल्यावर बघू, तोडणी झाल्यावर बघू, असे म्हणता म्हणता वर्ष जाते. तोवर दुकानातून दुखण्याची गोळी आणून दिवस ढकलायचा. तिने ठणका थांबतो, रोग थांबत नाही. उलट अशा गोळ्या फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडाला व हृदयालाही अपाय होऊ शकतो.

तेव्हा एवढे करावे :

१) बोटांची सूज दोन-तीन आठवड्यांत उतरली नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

२) दिलेले औषध बरे वाटले म्हणून आपल्या मनाने सोडू नये. मेथोट्रेक्सेटची गोळी या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते.

३) रक्तदाब, साखर व रक्तातील चरबी तपासून घ्यावी. तपासताना संधिवात असल्याचे आवर्जून सांगावे.

४) विडी-सिगारेट संधिवात व हृदयविकार दोन्हींना खतपाणी घालते, ती बंद करावी. तंबाखू व मिश्रीही सोडावी.

५) सूज उतरली की डॉक्टरांना विचारून रोज चालावे.

उसाला तोड आली की आपण सगळी कामे बाजूला ठेवतो. कारभारणीच्या दवाखान्याची तारीखही तितकीच पक्की धरावी, ही आमची विनंती.

— ऊस विकास अधिकारी