बोलणे कुणाचे? खूण सांगते

मंडळी, अक्षरे आता तुमच्या ओळखीची झाली. पूर्णविराम, स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्ह यांचीही गाठ पडली. आज आम्ही तुम्हांला आणखी एक खूण दाखवणार आहोत. तिचे नाव अवतरणचिन्ह. ती अशी दिसते : “ ”

ही खूण नेहमी जोडीने येते. बोलणे सुरू झाले की पहिली, बोलणे संपले की दुसरी. दोहोंच्या मध्ये जे शब्द असतात ते कुणाच्या तरी तोंडचे, जसेच्या तसे.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा खुणेवाचून काय अडते? अडते बरे का! समजा, मुंबईहून मुलाचे पत्र आले. त्यात एक ओळ आहे :

दादा म्हणाले माझ्या नावावरचे कर्ज फिटले.

आता सांगा, कर्ज कुणाचे फिटले? दादांचे, की पत्र लिहिणाऱ्या मुलाचे? मुलगा समोर असता तर लगेच विचारले असते. कागदाला विचारता येत नाही. घरात एक जण एक समजेल, दुसरा दुसरे समजेल, आणि उगाच वाद होईल.

कर्ज दादांचे असेल, तर असे लिहावे :

दादा म्हणाले, “माझ्या नावावरचे कर्ज फिटले.”

कर्ज मुलाचे असेल, तर असे :

माझ्या नावावरचे कर्ज फिटले, असे दादांनी सांगितले.

दुसऱ्या वाक्यात खूण नाही. कारण तेथे दादांचे शब्द नाहीत. त्यांच्या सांगण्याचा मतलब मुलाने आपल्या शब्दांत लिहिला आहे. म्हणून तेथे ‘माझ्या’ म्हणजे मुलाच्या.

आणखी एक गंमत पाहा :

सासू म्हणाली सून कामाला आळशी.

खुणा बदलल्या की आळशी कोण तेही बदलते :

सासू म्हणाली, “सून कामाला आळशी.”

“सासू,” म्हणाली सून, “कामाला आळशी.”

शब्द तेच, क्रमही तोच. पण पहिल्या वाक्यात सून आळशी ठरली, दुसऱ्यात सासू!

आता लिहिण्याची रीत लक्षात ठेवा.

१. ‘म्हणाला’, ‘म्हणाली’, ‘विचारले’ यांच्यापुढे बोलणे येत असेल, तर आधी स्वल्पविराम द्यावा. मग खूण उघडावी.

२. बोलणाऱ्याचा पूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह खुणेच्या आत ठेवावे. जसे : आईने विचारले, “भाकरी खाल्लीस का?”

३. बोलणे मध्येच तोडले, तर तेथे खूण बंद करावी आणि बोलणे पुन्हा सुरू झाले की पुन्हा उघडावी. वरचे सुनेचे वाक्य पाहा.

४. दुसरा माणूस बोलू लागला की नवी ओळ धरावी.

वर ‘म्हणाला’, ‘माझ्या’ या शब्दांना आम्ही एकेरी खूण दिली आहे. ती एखाद्या शब्दावर बोट ठेवण्यासाठी असते. बोलण्याला मात्र दुहेरी खूण द्यावी.

या खुणा आपल्याकडे फार जुन्या नाहीत. पूर्वीच्या मोडी कागदांत शब्दाला शब्द लागून असत. खुणा नसत. बोलणे कोठे संपले, ते ‘ऐसे’, ‘म्हणोन’ अशा शब्दांवरून ओळखावे लागे. पुढे इंग्रजी अमदानीत छापखाने वाढले आणि मराठीत विरामचिन्हे रुळली. त्या कामी मेजर थॉमस कँडी यांनी पुढाकार घेतला. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली छापून निघाला. त्या कोशाच्या कामात मदत करणारे तेच हे कँडी.

घरातल्या शाळकरी पोरांनाही हा धडा शिकवा. आम्ही वर्गात असे करीत असू. तीन पोरे उभी करायची. गोष्टीतले एकाचे बोलणे पहिल्याने वाचायचे, दुसऱ्याचे बोलणे दुसऱ्याने. ‘असे म्हणून तो निघाला’ यांसारखे उरलेले शब्द तिसऱ्याने. खूण उघडली की ज्याचे बोलणे त्याने तोंड उघडायचे, खूण मिटली की गप्प. कोणी दुसऱ्याचे शब्द वाचले की सारा वर्ग हसे. दोन दिवसांत पोरांना खूण पाठ होई. तुम्हीही घरी करून पाहा. पोर शिकेल आणि तुमचीही उजळणी होईल.

शेवटी एक मोलाची गोष्ट. कधी तक्रार लिहून द्यायची वेळ आली, तर ‘त्याने मला दम दिला’ एवढेच मोघम लिहू नका. तो काय बोलला ते आठवून खुणेत लिहा : तो म्हणाला, “बांध ओलांडलास तर पाय मोडीन.” पण तो जे बोलला नाही, ते खुणेत घालू नका. ते खोटे लिहिल्यासारखे होते. तुमची तक्रार दुसऱ्याने लिहिली, तर सही करण्याआधी खुणांमधला शब्दन् शब्द वाचा. चुकला असेल तर दुरुस्त करायला सांगा. मगच सही करा.

अभ्यास

खुणा घालून वहीत लिहा :

१. आजी म्हणाली दिवा लाव

२. मास्तरांनी विचारले पाटी कोठे आहे

३. उद्या येईन असे मामाने सांगितले

यांतल्या एका वाक्याला अवतरणचिन्ह लागत नाही. ते कोणते आणि का, हे शेजाऱ्याला समजावून सांगा.