हरिपाठ चिंतन : एक क्षण आणि एक वीट



हरिपाठाचा पहिला अभंग आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असतो. ज्ञानेश्वर माऊली त्यात सांगतात की देवाच्या दारात क्षणभर उभं राहिलं तरी चारही मुक्ती साधतात. सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता. एवढं मोठं फळ, आणि अट फक्त एका क्षणाची!

लहानपणी वाटायचं, फारच स्वस्तात मिळतंय की. आता तिशीत कळतंय, तो एक क्षणच महाग आहे. कारण उभं राहायचं म्हणजे शरीर तिथे आणि मनही तिथेच. आपण देवघरात बसतो, आणि मन मात्र उद्याच्या रिलीजमध्ये नाहीतर कालच्या मीटिंगमध्ये.

मध्यंतरी आईचा फोन आला होता. फोन स्पीकरवर ठेवून मी लॅपटॉपवर एक बग शोधत होतो. तोंडाने "हं... हं..." चालू. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बरं, तू कामात दिसतोयस, ठेवते." दोन दिवसांनी ताईकडून कळलं की आई चक्कर येऊन पडली होती. मी लगेच फोन केला, "अगं, मला का नाही सांगितलंस?" ती शांतपणे म्हणाली, "सांगितलं होतं रे."

त्या रात्री हरिपाठ म्हणताना पहिल्याच ओळीला अडकलो. आणि पुंडलिक आठवला.

पुंडलिकाची कथा आपल्याला माहीत आहे. आधी त्याने आईवडिलांना फार त्रास दिला. काशीच्या वाटेवर, कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले. पुढे एकदा तो आईवडिलांची सेवा करत असताना प्रत्यक्ष पांडुरंग दारात आला. आयुष्यभराची साधना ज्याच्यासाठी करायची, तो समोर उभा! तरी पुंडलिकाने हातातली सेवा सोडली नाही. एक वीट पुढे केली आणि देवाला थांबायला सांगितलं. आरतीत म्हणतो तशी अठ्ठावीस युगं झाली, देव अजून उभाच आहे.

मला भावलेला अर्थ असा : पुंडलिकाने देवाला नाकारलं नाही, त्याला जागा दिली. आणि मन मात्र आईवडिलांच्या पायाशीच ठेवलं. वर्तमानात जगणं म्हणजे उद्याचा विचारच करायचा नाही, असं नव्हे. प्लॅनिंगच्या वेळी प्लॅनिंग पूर्ण मनाने करावं. पण समोर माणूस असताना दुसरं काही आठवलं, तर त्याला एक वीट द्यावी. देव जर थांबू शकतो, तर आपलं नोटिफिकेशन का नाही थांबणार?

आता मी आईचा फोन आला की लॅपटॉप बंद करतो. मनात कामाचं काही आलंच तर शेजारच्या वहीत दोन शब्द लिहितो. ती वही माझी वीट. रोज जमतंच असं नाही. पण ज्या दिवशी जमतं, त्या दिवशी आईचं बोलणं ऐकताना वाटतं, आपण आत्ता देवाच्याच दारात उभे आहोत.

आजचा अभ्यास : आज घरातल्या एका माणसाचं बोलणं, हातात फोन न घेता, शेवटपर्यंत ऐकू या.

राम कृष्ण हरी 🙏