आधी कानातलं यंत्र बघा, मग फोन

पालक विचारतात, "बाई, मुलीला श्रवणयंत्र आहे, आयफोन घेऊ की अँड्रॉइड?" मी उलट विचारते, यंत्र कोणतं? 'मेड फॉर आयफोन' यंत्रं आयफोनला थेट जोडता येतात. अँड्रॉइडमध्ये 'आशा' नावाची तशी सोय २०१९ मध्ये अँड्रॉइड १० सोबत आली. पण ती यंत्रात हवी आणि फोनच्या त्या मॉडेलमध्येही. "ब्लूटूथ आहे ना!" एवढ्यावर भागत नाही. माझ्या वर्गातल्या एका वडिलांनी आधी फोन घेतला, धड्याचा आवाज यंत्रात येईचना. म्हणून दुकानात मुलीला न्या, यंत्र कानात ठेवूनच व्हिडिओ लावा. कॉलही करा. पुष्कळ जोड्यांत ऐकू यंत्रात येतं, बोलायचं मात्र फोनच्याच माइकमध्ये. ते तिला जमतंय का, बघा.