घरच्या भजनाचे ध्वनिमुद्रण : साधन कोणते घ्यावे?

कार्तिकीची वारी करून पंढरपुराहून सोलापूरला परतत होतो. एस. टी. त शेजारी एक तरुण टाळकरी बसला होता. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर तो म्हणाला, "बुवा, आमच्या आजोबांच्या तीसेक चाली आहेत. कुठं लिहिलेल्या नाहीत, दुसऱ्या कुणाला येत नाहीत. त्या संगणकावर घेऊन ठेवायच्या म्हणतो. दुकानदार वीस हजारांचं सॉफ्टवेअर घ्या म्हणतोय. घेऊ का?" मोहोळ येईपर्यंत सुचले तेवढे त्याला सांगितले, पण गाडीच्या खडखडाटात निम्मे त्याच्या कानी पोचले नसावे. हीच पृच्छा आणखी दोघा-तिघांनी केली, म्हणून ते सगळे येथे सविस्तर मांडतो.

अभंगाचे शब्द गाथेत छापलेले आहेत. ते जातील ही भीती नाही. चालीचे तसे नाही. काकड्याची चाल, हरिपाठाची पावलीची चाल, एखाद्या गौळणीचे फडाफडातून वेगळे पडलेले वळण, ही सर्व गळ्यातून गळ्यात आलेली. आमच्यातले फार थोडे स्वरलिपी जाणतात, आणि जाणणाऱ्याने लिहिली तरी चालीचा झोल कागदावर उतरत नाही. म्हातारा गेला की चाल गेली. हे मी पाहिलेले आहे आणि वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. म्हणून वीस हजारांचे घ्यावे की दोन हजारांचे, हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. कारण साधन जमवण्याच्या नादात वर्ष जाते, आणि आजोबांचे वय थांबत नाही.

यंत्र आपल्या सोयीने गाण्याला कापते, हेही जुनेच आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या गाइसबर्ग साहेबाने कलकत्त्यात गौहर जानचे गाणे तबकडीवर घेतले, तेव्हा एका बाजूवर तीनेक मिनिटांचे गाणे मावे. गवयांना तासाभराचा राग तेवढ्यात बसवावा लागला. पुढे भजनाच्या तबकड्या निघाल्या त्यांनाही तीच कात्री. आज ती अडचण उरलेली नाही. उलट घरगुती ध्वनिमुद्रण नीट केले तर काय उभे राहते याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात राहून गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. त्यांतल्या कित्येक बर्नार्ड बेल या जाणकाराच्या साह्याने ध्वनिमुद्रित झाल्या, आणि २०१७ पासून 'पारी' या संस्थेने त्या सर्वांना ऐकता येतील अशा मांडल्या. पंढरीच्या वाटेच्या आणि विठोबाच्या ओव्या त्यांत मुबलक आहेत. मला त्या कामात सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट यंत्राची नाहीच. कोणत्या बाईने, कोणत्या गावात ओवी म्हटली, ही नोंद त्यांनी ओवीबरोबर ठेवली. यावर पुढे येतोच.

आता माझी फजिती सांगतो. आमच्या दिंडीतले एक वृद्ध विणेकरी बाबा आमच्या घरी मुक्कामाला होते. त्यांच्या तोंडून सहा चाली मी खिशातल्या फोनवर घेतल्या. दुसऱ्या दिवशी ऐकतो तर बाबांचा आवाज स्वच्छ, पण वीणा नाहीच! क्वचित एखादा झंकार उमटे आणि लगेच बुडून जाई. टाळ म्हणाल तर पत्र्यावर खडे पडल्यासारखे. मला वाटले फोन बिघडला. वस्तुतः फोन आपले काम चोख करीत होता. बोलणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून त्यात आवाज 'स्वच्छ' करण्याची योजना असते. जो आवाज एकसारखा चालू राहतो, पंख्याचा किंवा मोटारीचा, त्याला ती गोंगाट समजते आणि दाबते. विण्याचा षड्ज एकसारखाच चालतो. तोही त्या हिशेबाने गोंगाट! शिवाय मोठा आवाज आला की फोन आपोआप सगळेच खाली ओढतो, त्यामुळे टाळेच्या प्रत्येक ठोक्याला गळा बसल्यासारखा होतो. पुष्कळ फोनांत ही योजना सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. ती बंद करून मग घ्यावे. दुसरे काहीच साधन नसेल तर फोन वाईट नाही, एवढे मी आता म्हणेन.

त्यानंतर मी दुसरी चूक केली. एका परदेशी कंपनीचे दरमहा वर्गणीचे भारी सॉफ्टवेअर घेतले. त्यात शेकडो वाद्ये, शेकडो कळा. चार महिन्यांनी वर्गणी चुकली आणि कार्यक्रम उघडेचना. माझीच ध्वनिमुद्रणे, माझ्याच संगणकात, आणि मलाच ऐकता येईनात. पुन्हा पैसे भरले, एकेक फाइल साध्या रूपात बाहेर काढली आणि त्याला रामराम ठोकला. तेव्हापासून सॉफ्टवेअर पारखताना पहिली कसोटी हीच लावतो : पैसे थांबले, कंपनी बुडाली, संगणक बदलला, तरी आजोबांचा आवाज उघडेल ना?

या कसोटीला, आणि आपल्या खिशालाही, उतरणारे सॉफ्टवेअर म्हणजे 'ऑडॅसिटी'. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी १९९९ साली ते रचायला घेतले आणि २००० साली सर्वांसाठी खुले केले. ते फुकट आहे, वर्गणी नाही, त्याची आतली मांडणीही कोणालाही पाहता येते. २०२१ पासून त्याचा कारभार म्यूझ ग्रुप या कंपनीकडे आहे, तरी ते फुकटच राहिले आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. फोनसाठी मात्र मूळ कर्त्यांचे ऑडॅसिटी नाही. तत्सम नावाचे काही फोनवर दिसले तर ते वेगळे समजावे. संगणकावरही ते मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे, कोणाच्या पेनड्राइव्हवरून नको.

वापरण्यास सोपे म्हणजे किती? लाल गोल कळ दाबली की ध्वनिमुद्रण सुरू, चौकोनी कळ दाबली की बंद. नवशिक्याला एवढे पुरते. एकच खाच आहे, तीत बहुतेक पडतात. 'सेव्ह' केले की ऑडॅसिटी आपल्या स्वतःच्या घडणीची फाइल ठेवते. ती फोनवर वाजत नाही. वाजणारी फाइल हवी तर 'एक्सपोर्ट' करावे लागते. एक्सपोर्ट दोनदा करावे : एकदा 'वेव्ह' रूपात, ठेवण्यासाठी, एकदा 'एमपी३' रूपात, वाटण्यासाठी. वेव्हमध्ये आवाज जसाच्या तसा राहतो. सेकंदाला ४४,१०० वेळा त्याचे मोजमाप घेतलेले असते, म्हणून जागा फार लागते; दुहेरी ध्वनीला मिनिटास सुमारे १० एमबी. एमपी३ मिनिटास सुमारे १ एमबीत मावते, पण कानाला जे ऐकू येणार नाही असे तिला वाटते ते ती टाकून देते. टाकलेले परत येत नाही. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना आवाजी निरोप म्हणून पुन्हा ध्वनिमुद्रित करून पाठवू नये. फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून जोडावी, म्हणजे ती वाटेत आटत नाही.

ज्यांच्या घरी ॲपलचा संगणक वा फोन आहे त्यांना 'गॅरेजबँड' फुकट मिळते. २००४ पासून ते आहे. दिसायला देखणे. पण त्यात ठेक्याची टिकटिक आधीपासून चालू असते, ती प्रथम बंद करावी. फोनवरच्या गॅरेजबँडमध्ये तर मुद्रणाची लांबी सुरुवातीस आठ आवर्तनांपुरतीच बांधलेली असते. ती 'ऑटोमॅटिक' करून घेतली नाही तर अभंगाचे ध्रुवपद होते न होते तोच मुद्रण थांबते. 'बँडलॅब' फोनवर फुकट चालते, पण त्याचा सगळा संसार इंटरनेटवर, कंपनीच्या संगणकांत. माझ्या कसोटीला ते अर्धेच उतरते. थोडे पुढे जायचे असेल, म्हणजे गायक, पखवाज, पेटी यांना निरनिराळे मायक्रोफोन लावायचे असतील, तर 'रीपर' घ्यावे. साठ दिवस ते पूर्ण वापरून पाहता येते आणि घरगुती परवाना साठ डॉलरचा, म्हणजे पाच हजार रुपयांच्या पुढे. पैसे एकदाच. दुकानदाराचे वीस हजारांचे सॉफ्टवेअर वाईट असेल असे नाही. ते दुसऱ्या कामाचे आहे.

हे दुसरे काम म्हणजे काय, ते कळले पाहिजे. ही सॉफ्टवेअरे एकेक वाद्य निरनिराळ्या वेळी घेऊन थर चढवण्यासाठी केलेली आहेत. आज पखवाज घेतला, उद्या पेटी, परवा गायक कानात यंत्र लावून गेला. सर्वांना जुळवायला एक स्थिर टिकटिक लागते. आपले भजन टिकटिकीवर चालतच नाही. ते संथ उठते, चढत जाते, टाळकऱ्यांचे पाय उचलले की लय आपोआप वाढते, आणि ती कोण वाढवतो हे कोणालाच सांगता येत नाही. पखवाजी गायकाच्या तोंडाकडे पाहून वाजवतो. त्याला आदल्या दिवशीच्या ध्वनिमुद्रणावर वाजवायला लावले तर तो ताल देईल, साथ देणार नाही. म्हणून मंडळींना एकत्र बसवून एकदमच घ्यावे. तसे घ्यायला एक मायक्रोफोन आणि एक लाल कळ पुष्कळ होते.

तसेच स्वर 'सुधारण्याच्या' कळेचे. ती गळ्याला पेटीच्या बारा पट्ट्यांवर नेऊन बसवते. जुन्या चालीतला दोन स्वरांमधला लपेटा तिला चूक वाटतो. आजोबांची चाल टिपताना तिला हात लावू नये. ऑडॅसिटीतही गोंगाट काढण्याची सोय आहे : गोंगाटाचा नमुना दाखवायचा, मग तो सगळीकडून उणा होतो. तो नमुना कोणी गात-वाजवत नसताना घ्यावा. त्यात वीणा आली, तर माझ्या फोनने केले तेच तुम्ही स्वहस्ते कराल.

सॉफ्टवेअरचे वाचलेले पैसे मायक्रोफोनवर खर्चावेत. संगणकाला थेट जोडण्याचा यूएसबी मायक्रोफोन दोन-चार हजारांत मिळतो. ऐकण्यासाठी तारेचा हेडफोन घ्यावा. संगणकाच्या इवल्या कर्ण्यातून पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा घुमारा ऐकू येत नाही, आणि माणूस उगाच समजतो की तो मुद्रित झालाच नाही.

जागेचे म्हणाल तर सोलापुरात दोन वैरी : यंत्रमाग आणि पंखा. पूर्व भागात राहणाऱ्याला मागाच्या खटखटीपासून सुटका कठीण, आणि चैत्र-वैशाखात चाळीसच्या वर पारा गेल्यावर म्हाताऱ्या माणसाला पंखा बंद करून बसवणे हा छळ आहे. यावर उपाय आपल्या काकड्यानेच दाखवला आहे. पहाटे चारला बसावे. हवा गार, रस्ता शांत, माग थंडावलेले त्यातल्या त्यात कमी, आणि आजोबांचा गळाही त्याच वेळेला सरावलेला. शहाबादी फरशी आणि सिमेंटच्या भिंती आवाज परतवतात, त्याने घुमते. त्यासाठी विकतचे फोम आणू नयेत. घरातल्या चार सोलापुरी चादरी दोरीवर दुहेरी करून गायकाच्या पाठीमागे नि बाजूला टांगाव्यात, खाली सतरंजी घालावी. फरक तुम्हालाच ऐकू येईल.

गायकाला मायक्रोफोनपासून हातभर अंतरावर बसवावे, पखवाज एका अंगाला, टाळकरी सात-आठ फूट मागे. टाळ काशाचा, त्याचा ठोका फार तीक्ष्ण; तो जवळ असला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कोणत्याही सॉफ्टवेअरने सांधत नाही. येथे एक युक्ती ध्यानात धरावी. आवाजाची पातळी भजनाच्या आरंभावरून लावू नये. आरंभ हळूच असतो. आधी मंडळींना शेवटची द्रुत लय जोरात वाजवायला सांगावी, तेव्हा पडद्यावरची पट्टी उणे सहाच्या वर जाणार नाही इतके आवाजाचे बटण उतरवावे, आणि मग त्याला हात लावू नये. हळू आलेला आवाज मागाहून वाढवता येतो.

लाल कळ दाबल्यावर प्रथम गाऊ नये, बोलावे. गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख, अभंग कोणाचा, चाल कोणाकडून आली, पट्टी कोणती. आजोबांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले तर उत्तम. मग पहिल्यांदा चाल एकट्याने, संथ, टाळांशिवाय म्हणवून घ्यावी, म्हणजे शिकणाऱ्याला वळणे कळतील, नंतर सर्वांसह. फाइलीला 'नवीन १', 'नवीन २' अशी नावे देऊ नयेत. प्रती तीन ठेवाव्यात : संगणकात एक, बाहेरच्या डिस्कवर एक, आणि तिसरी दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा मठात. आणि हे ध्वनिमुद्रण कोणाकोणाला द्यायचे हे आजोबांना आधी विचारावे. काहींना आपली चाल जगभर फिरलेली आवडत नाही. तो त्यांचा अधिकार आहे.

त्या तरुणाने माघी एकादशीनंतर पहिली फाइल पाठवली. ऑडॅसिटीवर, उसन्या मायक्रोफोनने, चादरी टांगून घेतलेली. सुरुवातीला आजोबा गाव सांगतात, मग खोकतात, मग गातात. अकराव्या मिनिटाला स्वयंपाकघरातून आजीचा आवाज येतो, "तिसऱ्या चरणाला खाली उतरायचं, वर नव्हं," आणि आजोबा निमूट तो चरण पुन्हा घेतात. हे कसे कापायचे, असे त्याने विचारले होते. कापू नकोस, असे मी कळवले. आणि आजीला किती चाली येतात ते विचार. तिला अजून कोणी मायक्रोफोनपुढे बसवलेले नाही.