एका युनिटमागे पाव किलो राख

आत्याच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया मी स्वतः झटकल्या आहेत. पांढऱ्याशुभ्र कुरडईवर करडी, पिठासारखी पूड बसलेली असते. बोटाने पुसली तर पसरते. फुंकर मारली तर वरवरची उडते, पण पिळांच्या खळग्यांत गेलेली निघत नाही. तिच्या घरापासून चार किलोमीटरवर औष्णिक वीज केंद्र आहे. त्याच आठवड्यात धाकट्या भावाचा पुण्याहून फोन आला, "ताई, या कंपनीचे शेअर घेऊ का? अहवाल पाठवलाय, पर्यावरणाचं काम बघ किती छान आहे!" ज्या केंद्राची राख मी त्या आठवड्यात झटकली होती, त्याच केंद्राच्या कंपनीचा तो अहवाल होता.

बँकेत ३१ वर्षे कर्जाच्या फायली तपासण्यात गेली. त्या सवयीने मी ही फाईलही उघडली आणि ती अजून बंद केलेली नाही. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण सांगायची आहे ती तपासण्याची रीत. वीज विकणाऱ्या कोणत्याही कंपनीला ती लागू पडेल.

१. आधी आपल्या घरापुरता हिशेब मांडा.

कोट्यवधी टनांचे आकडे वाचून माणूस सुन्न होतो आणि पान उलटतो. म्हणून मी एका युनिटपासून सुरुवात केली. कोळशावरची एक युनिट वीज तयार व्हायला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३० ते ४० टक्के असते. म्हणजे एका युनिटमागे जवळजवळ पाव किलो राख. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराची २५ किलो, म्हणजे सिमेंटची अर्धी गोणी. दर महिन्याला ही अर्धी गोणी कुणाच्या तरी शिवारात उतरते. देशातल्या सगळ्या प्रकारच्या विजेची सरासरी काढली तरी एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तो वेगळाच.

हे एकदा मनात बसले की अहवालातली वाक्ये निराळी दिसू लागतात. 'प्रति युनिट उत्सर्जन घटले' असे मोठ्या अक्षरांत छापलेले होते. त्याच वर्षी कंपनीने कितीतरी जास्त वीज विकली होती, त्यामुळे एकूण उत्सर्जन वाढलेच होते. गावाच्या वाट्याला येते ते एकूण उत्सर्जन. तो आकडा शोधायचा.

२. अहवाल शेवटच्या पानांपासून वाचा.

सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आहे. पुढच्या पानांवर रोपे लावणारी शाळकरी मुले असतात. मागच्या तक्त्यांत दंड, तक्रारी, अपघात, पाण्याचा वापर, घातक कचरा हे सगळे येते. कर्मचारी आणि कामगार यांचे अपघात वेगळे दिलेले असतात. दोन्ही रकाने शेजारी ठेवून पाहावेत. रकाना रिकामा असेल तर पेन्सिलीने गोल करून ठेवावा. कर्जाच्या फाईलमध्येही मला नेहमी रिकाम्या जागांनीच वाट दाखवली.

३. कंपनीपेक्षा तिच्यावर घातलेल्या अटी जास्त बोलतात.

हे मला फार उशिरा समजले. दोन वर्षे मी कंपनीचीच कागदपत्रे वाचत बसले होते. मग एका निवृत्त अभियंत्याने सांगितले, "तुम्ही पर्यावरण मंजुरीचं पत्र वाचा." प्रत्येक मोठ्या प्रकल्पाला केंद्राकडून असे पत्र मिळते आणि राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रकल्प चालवायला संमतीपत्र देते. दोन्हींत अटी क्रमाने लिहिलेल्या असतात. धूलिकण किती, पाणी कुठून आणि किती, राख कशी न्यायची, झाडांचा पट्टा किती रुंद. दर सहा महिन्यांनी प्रत्येक अटीसमोर काय केले ते लिहून अहवाल द्यावा लागतो. शिवाय दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाकडे पर्यावरण विवरणपत्र भरायचे असते. खासगी कंपनी दाद देत नसली तरी मंडळाच्या फायलीत तिचे कागद असतातच, आणि मंडळाला माहितीचा अधिकार लागू आहे. मी अर्ज केला, पानामागे दोन रुपये भरले आणि तीन वर्षांचे सहा अहवाल घरी आणले.

अट क्रमांक १७ होती राखेच्या वाहतुकीची. राखेच्या गाड्या ताडपत्रीने पूर्ण झाकून न्याव्यात. समोरच्या रकान्यात लिहिले होते, 'पालन चालू आहे.' सहाही अहवालांत तेच तीन शब्द, तीच शुद्धलेखनाची चूक. पहिल्याची नक्कल पुढच्या पाचांत चिकटवली होती. त्या तीन वर्षांत मी आत्याकडे गेले तितक्या वेळा मला उघड्या गाड्या दिसल्या होत्या. जेवणाच्या टेबलावर ते सहा कागद ओळीने मांडून मी बराच वेळ बसले. मला राग आला होता आणि तो योग्य होता असे मला आजही वाटते. जो माणूस सहा वेळा न बघता 'चालू आहे' लिहितो, त्याला त्या रस्त्याकडेच्या घरांत माणसे राहतात हे ठाऊक असते.

४. 'आम्ही नियम पाळतो' या वाक्यापुढे विचारा, कोणता नियम आणि कधीचा?

औष्णिक केंद्रांसाठी ७ डिसेंबर २०१५ ला केंद्राने कडक मानके आणली. सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पारा यांवर पहिल्यांदाच मर्यादा आल्या. मुदत होती दोन वर्षांची. मग ती पुढे गेली, पुन्हा गेली, पुन्हा गेली. जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना सल्फर शोषणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी, हा त्यामागचा युक्तिवाद. पण गंधकाचा वायू हवेत गेल्यावर त्याचेच बारीक कण बनतात आणि ते चिमणीपासून शेकडो किलोमीटर जातात, हेही तितकेच खरे. कायदेशीर सूट मिळालेली कंपनी 'नियमभंग शून्य' असे छापू शकते. म्हणून मी वेगळे पाहते. मुदत होती तेव्हा कंपनीने निविदा काढली होती का? पैसे बाजूला ठेवले होते का? सूट मिळाल्यावर ते काम चालू राहिले का?

५. चिमणी दिसते, बंधारा दिसत नाही. बंधाऱ्यापर्यंत चालत जा.

"रात्रीच सोडतेत वो पोरी धूर, दिवसा कसा दिसन तुले?" आत्या कितीदा म्हणाली असेल. केंद्रांजवळच्या गावांत ही तक्रार सर्रास ऐकू येते. धूर गाळणारी यंत्रणा रात्री बंद ठेवतात, अशी लोकांची खात्री असते. पण तपासणाऱ्याने नुसत्या खात्रीवर थांबू नये. चिमणीवरच्या ऑनलाइन मापकाचे आकडे मागता येतात, तासातासाचे. मी आत्याच्या नातवाला एक दोनशेपानी वही दिली. तो तेव्हा आठवीत होता. रोज सकाळी खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवायचे, राख आहे की नाही, किती, वारा कुठला, आणि शाळेला निघेपर्यंत रस्त्यावरून राखेच्या गाड्या किती गेल्या, त्यात झाकलेल्या किती, एवढे लिहायचे. त्याने एकही दिवस खाडा केला नाही म्हटले तरी चालेल.

चिमणीहून मोठी काळजी राखेच्या तळ्याची. ओली राख पाण्याबरोबर वाहून नेऊन मातीच्या बंधाऱ्यामागे साठवतात. जुलै २०२२ च्या पावसात नागपूरजवळ खसाळ्याचा असा बंधारा फुटला आणि राख शेतांत आणि नदीनाल्यांत गेली. केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे आता सगळी राख विटा, सिमेंट, रस्ते, खाणी भरणे यांत वापरली जायला हवी आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे १००० रुपये भरपाई लागते. जुन्या साठलेल्या राखेचे काय, हे विचारल्याशिवाय '१०० टक्के वापर' या शब्दांना अर्थ नाही. मी विचारले. उत्तरात ताज्या राखेचा आकडा आला, तळ्याचा नाही.

एकट्या कंपनीचे मोजमाप पुरत नाही, हेही इथेच उमगले. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथे होते. तिथे वीज केंद्र आहे, कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत. प्रत्येकाने आपापली मर्यादा पाळली तरी छातीत जाणारी हवा एकच असते.

६. पाण्याची वीज म्हणजे निष्कलंक वीज, असे धरून चालू नका.

भाऊ म्हणाला, "मग जलविद्युतवाल्या कंपनीचे घेतो." मी त्याला मुळशी धरणाची आठवण करून दिली. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून मावळ्यांची भाताची खाचरे पाण्याखाली गेली आणि १९२१ पासून सेनापती बापटांसह शेकडो माणसे सत्याग्रहात उतरली. कोयनेचा पहिला टप्पा १९६२ चा. तिथले धरणग्रस्त सहा दशकांनंतरही जमिनीसाठी आणि नोंदींसाठी मोर्चे काढतात. कोयनेच्या विजेने महाराष्ट्र उभा राहिला, हे मी मनापासून मानते. म्हणूनच त्या लोकांची थकबाकी मला जास्त लागते. सौर प्रकल्पाबाबतही तेच: जमीन कुणाची होती, गायरान होते का, गुरे आता कुठे जातात.

७. खांबावर चढणाऱ्याशी बोला.

आमच्या कॉलनीत पावसाळ्यात तार तुटली तेव्हा एक कंत्राटी मुलगा आला होता. हातमोजे नव्हते. अर्थिंगचा दांडा दोघांत एक. "लाइन बंद ठेवायचं परमिट घेतलं का?" विचारले तर म्हणाला, "फोनवर सांगितलंय मॅडम, बंद केलीय म्हणाले." त्याला चहा दिला तेव्हा त्याच्या तळहातावर जुन्या भाजल्याची गुळगुळीत, चकाकणारी खूण दिसली. अहवालाच्या सुरक्षेच्या पानावर शिरस्त्राण घातलेल्या अधिकाऱ्याचा फोटो असतो. विजेच्या अपघातांची चौकशी विद्युत निरीक्षक करतात, ते कागद मागावेत.

८. वीज कुणाकडून घेतली, हे दरवाढीच्या अर्जात सापडते.

वितरण कंपनीला स्वतःची चिमणी नसते, म्हणून ती सहज सुटते. पण वीज नियामक आयोगाकडे दरवाढ मागताना तिला कोणाकडून, किती, काय भावाने वीज घेणार ते मांडावे लागते. दाभोळ वीज प्रकल्पाच्या करारात काय होते ते लोकांना आधी कळले असते, तर २००१ मध्ये वीज मंडळाला खरेदी थांबवायची वेळ कदाचित आली नसती. आता जनसुनावणी असते, तिथे कुणीही साधा ग्राहक उभा राहू शकतो. मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा गुडघे कापत होते. तरी तीन मिनिटांत राख, पाणी आणि कंत्राटी कामगार असे तीन मुद्दे मांडले. आदेशात माझी हरकत छापून आली आणि कंपनीला त्यावर लेखी उत्तर द्यावे लागले.

९. शेअर घेतलेच, तर प्रश्न विचारायला घ्या.

भावाला मी 'घेऊ नको' म्हटले नाही. त्याला सगळे कागद दाखवले, मग आत्याकडे नेले. तो गच्चीवर गेला, बोट फिरवून आला आणि काही बोलला नाही. शेवटी त्याने दहाच शेअर घेतले. दहा शेअरवाल्यालाही वार्षिक सभेत बोलता येते, आधी नाव नोंदवावे लागते एवढेच. त्याने अट क्रमांक १७ वाचून दाखवली आणि सहा अहवालांतली सहा वाक्ये वाचली. व्यासपीठावरून उत्तर आले, "नोंद घेतली आहे."

पुढचा सहामाही अहवाल आला तेव्हा त्या रकान्यात 'पालन चालू आहे' नव्हते. पहिल्यांदाच एक तारीख होती आणि त्या दिवशी सर्व गाड्या झाकलेल्या आढळल्याचे लिहिले होते. आत्याच्या नातवाला फोन केला. तो आता दहावीत आहे, पण वही सोडलेली नाही. त्याने त्या तारखेचे पान काढून वाचले: "सकाळी ७ ते ९. वारा पूर्वेचा. गाड्या २३. ताडपत्री ९."