डोक्याला तेल लावू नकोस

तू फोन ठेवलास आणि मी आधी गॅस बंद केला. भाजी करपलीच होती. म्हटलं, स्वयंपाक मरू दे, आधी हिच्याशी नीट बोलू. तू रडत होतीस, मागून सासूबाई काहीतरी सांगत होत्या, त्यामुळे मला अर्धंच कळलं. पोरीला दोनदा फिट आली, डॉक्टरांनी गोळी सुरू केली, फिट थांबली, पण पोर दिवसभर पेंगते, म्हणून आता गोळी बंद करावी असं तुझ्या मनात आहे. बंद करू नकोस गं. बाकीचं सावकाश सांगते, पण एवढं आधी ऐक.

खरं सांगू का, हा पराक्रम मी स्वतः करून बसलेय. माझा थोरला सहा वर्षांचा होता. पाच महिने फिट नाही म्हटल्यावर मला वाटलं, झालं बरं. शाळेत बाकावर डोकं टेकून झोपायचा, बाई चिठ्ठ्या पाठवायच्या. मी कुणाला न सांगता गोळ्या डब्यात टाकून दिल्या, ह्यांनासुद्धा बोलले नाही. पौषात माहेरी मुरबाडला गेलो, म्हशाच्या यात्रेत रात्रभर जागरण झालं आणि सकाळी ओटीवर पोरगं ताठ झालं. किती वेळ झटके चालले विचारशील तर मला सांगता येणार नाही, कारण घड्याळाकडे बघायचं सोडून मी त्याच्या तोंडात घालायला चमचा शोधत होते! दुसरी मोठी चूक. देवाची कृपा, चमचा सापडला नाही.

नंतर डॉक्टरांनी कागदावर बाण काढून मेंदूचं सगळं समजावलं. मला ओ की ठो कळलं नाही. कळलं ते बाबांच्या पखवाजावरून.

बाबा गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. भजनाआधी त्याच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापायची असते ना, ती मळून द्यायचं काम माझं. एकदा मी आळसानं चिमूटभरच कणीक दिली, तर पखवाज पत्र्याच्या डब्यासारखा खणखणायला लागला. पुढच्या खेपेला भाकरीएवढा गोळा दिला, तर आवाज पार बसला. कणीक म्हणजे कातड्याला धरून ठेवणारं वजन. पण तिच्यामुळेच तो घुमारा येतो. नुसती थाप मारून काही होत नाही, थापेला कुणीतरी धरून ठेवावं लागतं.

मेंदूचं असंच आहे बघ. तिथल्या एकेका पेशीला हजारो ठिकाणांहून निरोप येत असतात. काही म्हणतात ‘चल’, काही म्हणतात ‘थांब’. सगळ्यांची बेरीज-वजाबाकी होऊन पारडं पुरेसं ‘चल’कडे झुकलं, तरच ती पेशी पुढे निरोप धाडते. मेंदूच्या वरच्या सालीत 100 पेशींमागे साधारण 80 ‘चल’ म्हणणाऱ्या आणि 20 ‘थांब’ म्हणणाऱ्या. वीसच आहेत म्हणून कमी समजू नकोस. आपल्या घरातल्या आजीसारख्या त्या, एकटी असली तरी अख्ख्या वाड्यावर जरब. कुणी कधी बोलायचं आणि किती वेळ बोलायचं, ते ह्याच ठरवतात. तू तांदूळ निवडतेस तेव्हा सुपात हजार दाणे दिसत असतात, पण नजर खड्यावर जाते. कारण बाकीचा गलबला आत कुणीतरी दाबून धरलेला असतो.

‘चल’चा निरोप नेतं ते ग्लुटामेट आणि ‘थांब’चा नेतं ते गाबा. आणि गंमत अशी की गाबा ग्लुटामेटपासूनच बनतं. दुधाला विरजण लावलं की दही होतं ना, तसं. मेंदूतलं हे विरजण बी-6 जीवनसत्त्वाशिवाय लागत नाही. टीबीचं आयसोनियाझिड चुकून फार जास्त पोटात गेलं तर बी-6 चं काम अडतं, गाबा कमी पडतं आणि झटके येतात. दवाखान्यात त्यावर उतारा म्हणून बी-6 च देतात. म्हणून घरात कुणाच्याही गोळ्या असोत, पोरांच्या हाताला लागतील अशा ठेवायच्या नाहीत. (चायनीजच्या गाडीवरच्या अजिनोमोटोतही ग्लुटामेट असतं, पण खाल्लेलं ग्लुटामेट मेंदूपर्यंत फारसं पोचत नाही. एक प्लेट खाल्ली म्हणून पोरीला फिट आली, हे खूळ डोक्यातून काढून टाक.)

आता फिट म्हणजे काय? मला वाटायचं मेंदूत गोंधळ माजतो. खरं तर उलट होतं. एरवी भजनात टाळ वेगळा, पखवाज वेगळा, चाल म्हणणारा वेगळा, आणि मधे मधे सगळ्यांच्या मोकळ्या जागा. ‘थांब’ म्हणणाऱ्या पेशी कमी पडल्या की त्या मोकळ्या जागाच जातात, सगळे एकाच ठेक्यावर धाडधाड मारायला लागतात. हातपाय चालवणारा भाग त्यात ओढला गेला की हातपाय त्याच ठेक्यावर उडतात. ह्यात ना कुणी बाहेरचं असतं, ना कुणाची नजर. भगताकडे न्यायचं म्हणून सासूबाई हट्टाला पेटल्या तर भांडू नकोस. अंगारा लावू दे, गोळी मात्र चुकवू देऊ नकोस.

माझ्या पोराला होती ती फेनोबार्बिटोनची गोळी. फार जुनं औषध, 1912 सालापासून फिटवर देतात. गाबा पेशीचं जे दार उघडतं, ते ह्या औषधामुळे जास्त वेळ उघडं राहतं, म्हणजे ‘थांब’चा निरोप जोरात पोचतो. कणीक जरा जास्त लागते म्हण. म्हणूनच पोर पेंगतं. ते डॉक्टरांना सांग, स्पष्ट सांग. मात्रा बदलता येते, वेळ बदलता येते, दुसरी गोळी असते, आणि बरीच पेंग काही आठवड्यांत आपोआपही उतरते. पण अचानक सोडलीस तर मेंदू त्या आधाराला सरावलेला असतो, तो काढून घेतल्यावर झटका दुप्पट बसतो. दारूचंही असंच असतं बघ. आमच्या आळीतला एक जण रोज मोहाची प्यायचा. नवस केला, एका दिवसात सोडली आणि तिसऱ्या दिवशी त्याला फिट आली. लोक म्हणाले देव कोपला. देव बिचारा कशाला कोपेल, त्यानं सोडलीच होती की! दारूही गाबाचाच जोर वाढवते, आणि ती एकदम काढली की मेंदू उसळतो.

पण कणीक जितकी जास्त तितकं बरं, असंही नाही हं. काही मुलं पडत नाहीत, थरथरत नाहीत, नुसती काही सेकंद शून्यात बघतात आणि पुन्हा लिहायला लागतात. बाईंना वाटतं लक्ष नाही. ह्या मुलांच्या ईईजीत, म्हणजे डोक्याला तारा चिकटवून काढतात त्या मेंदूच्या आलेखात, सेकंदाला साधारण 3 लाटा एका तालात उठताना दिसतात, आणि तो ताल धरण्यात ‘थांब’वाल्या पेशींचाही हात असतो. एका फिटवर चालणारी गोळी दुसरीवर उलटू शकते. तेव्हा शेजारणीच्या मुलाची गोळी चांगली निघाली म्हणून ती आपल्या पोरीला द्यायची नाही. पुन्हा फिट आलीच, तर तिला सांभाळून झाल्यावर कुणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला लाव. डॉक्टरांना तुझ्या दहा वाक्यांपेक्षा तो जास्त सांगेल.

सांभाळायचं कसं? कुशीवर वळव, डोक्याखाली पदराची घडी ठेव, गळ्याजवळचं सैल कर आणि घड्याळ बघ. कांदा नको, चप्पल नको, हातात किल्ल्या नकोत, चमचा तर मुळीच नको. हात दाबून धरू नकोस. 5 मिनिटांच्या वर चाललं किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली तर 108 ला फोन. एरवी तिला एकटीला विहिरीवर धाडायचं नाही, काळू नदीत एकटी पोहायला सोडायचं नाही, न्हाणीची कडी आतून लावू द्यायची नाही, चुलीपाशी एकटं बसवायचं नाही. आणि झोप! रात्रीच्या जागरणाला सध्या सुट्टी. बाकी शाळा, खेळ, भांडणं, सगळं चालू दे.

“मुलगी आहे, कुणाला सांगू नका, लग्न कसं होणार?” हेच ना सासूबाईंचं? सात वर्षांच्या पोरीचं लग्न आजच काढायला बसल्यात! त्यांना सांग, हिंदू विवाह कायद्यातल्या लग्नाच्या अटींमधून फेफऱ्याचा उल्लेख 1999 सालीच काढून टाकला. पुण्यात यशोदा वाकणकरांनी ‘संवेदना’ नावानं फिट येणाऱ्यांसाठी गट उभा केला. त्यांना स्वतःला कित्येक वर्षं फिटचा त्रास होता, संसारही त्यांनी केला. बरोबर गोळी नियमित घेतली तर 100 पैकी साधारण 70 जणांच्या फिट थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. साधारण दोन वर्षं फिट नसली की गोळी हळूहळू उतरवायची का, हे डॉक्टर बघतात. डॉक्टर, तू नव्हेस आणि मीही नव्हे. माझ्या थोरल्याची तशीच उतरवली. आता शहापुरात मोबाइल दुरुस्त करतो आणि मला म्हणतो, “आई, तू किती वेळ झोपतेस गं!”

शाळेतल्या बाईंना मात्र सांगून ठेव. लपवलंस तर वर्गात फिट आली तेव्हा त्या घाबरतील, आणि चमचा शोधायला लागतील.

बुधवारी ईईजी आहे ना? तू मुरबाडहून सकाळची एसटी धर, मी आसनगावहून लोकलनं येते, कल्याण स्टेशनाबाहेर भेटू. मंगळवारी रात्री तिला किती वाजता झोपवायचं ते डॉक्टरांना आजच विचारून घे, कधी कधी कमी झोपवून आणायला सांगतात. ते सांगितलं तरच जागरण, आपल्या मनानं नाही. गोळी नेहमीच्या वेळेला. आणि मंगळवारी तिला न्हाऊ घाल, पण डोक्याला तेल लावू नकोस. मी आमच्याला छान चापूनचोपून तेल लावून, भांग पाडून नेलं होतं. तारा चिकटेनात, म्हणून ईईजी काढणाऱ्या बाईंनी तिथल्या बेसिनपाशी दोनदा डोकं धुवायला लावलं. शिकेकाई काय, भांडी घासायचा साबण निघाला बघ माझ्या पिशवीतून.